परक्या बाईचा फोटो

आमच्या दुकानात पाकीट दुरुस्तीला आलं की आधी ते रिकामं करायचं, मगच सुईत दोरा ओवायचा. ही रीत सासऱ्यांपासूनची. सासरे दरबारच्या पागेत खोगिरं शिवायचे. घोड्यावर चढवलेलं खोगीर कुणी शिवतं का, असं ते विचारायचे. पुढं पागा आटली, घोडे गेले, आणि आमच्या मालकांनी त्याच आरीनं, त्याच मेण लावलेल्या दोऱ्यानं पाकिटं शिवायला घेतली. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या बोळात, चपलांच्या दुकानांच्या पाठीला आमचं दुकान. पुढं दुकान, मागं घर. मालकांचं नाव मी तोंडानं घेत नाही. पाटीवर होतं ते वाचायचं: मीरासाब अँड सन, पाकिटे व पट्टे.

दुकानात चामडं कुटायचा एक काळा दगड होता. गिऱ्हाईक आलं की मालक त्याला त्या दगडावर पाकिटातली एकेक वस्तू काढून ठेवायला लावायचे, आणि प्रत्येक वस्तूला बोट लावून विचारायचे, "हे कुणाचं?"

माणसं पाकिटात काय काय घेऊन फिरतात ते मी पडद्याआडून बघितलेलं आहे. अंगाऱ्याच्या पुड्या, गेल्या साली न लागलेली लॉटरीची तिकिटं, मेव्हण्याच्या सायकलची किल्ली, कुणाच्या तरी कानातल्याची फिरकी, औषधाच्या चिठ्ठ्या, तेही औषध घेणारा मरून गेलेला.

"पावणं, ह्ये पाकीट हाय का पोतं?" मालक विचारायचे.

"असूदे की ओ, लागतंय कधीतरी."

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा. दुसऱ्याचं ज्याचं त्याला नेऊन द्या. पाकीट आपसूक बारीक हुतंय."

एवढंच त्यांचं शास्त्र. आपलं तेवढं ठेवा, परक्याचं पोचवा. मी म्हणायची, तुम्ही पाकिटं विकायला बसलाय का कीर्तनाला? पण गिऱ्हाइकं हसत हसत ऐकायची.

एकदा बाळासो नावाचा एक गुऱ्हाळवाला आला. पाकीट फुगून शिवण उसवलेली. दगडावर सगळं काढलं, त्यात एका बाईचा फोटो. मालकांनी रीतीप्रमाणं मोठ्यानं विचारलं, "ही कुणाची?"

बाळासोनं आधी मागं बघितलं. "चुलतबहीण," म्हणाला.

शेजारच्या दुकानात त्याची बायको चपला बघत होती. ती तिथूनच ओरडली, "तुमाला वं कुठली चुलतबहीण? चुलत्याला चार पोरगेच हायत की!" नवी चप्पल पायात घालून बघायच्या आधी तिनं ती बाळासोच्या पाठीवर घालून बघितली. अख्खा बोळ गोळा झाला. मालकांनी फोटो कागदात गुंडाळून बाळासोच्या हातात दिला आणि म्हणाले, "बाईमाणसाची चीज हाय. तिच्या घरी पोचवा. परकी बाई पाकिटात ठिवू नये. तिची अब्रू जाती, आन् आपली पाठ." तेव्हापासून ते हे सगळ्यांना सांगायला लागले. बाळासोचं नाव न घेता. नाव मी घ्यायची.

मी मराठी दुसरीपर्यंत शिकले. मास्तरांनी कान पिळला, मी पाटी फेकली, शाळा संपली. पण या घरात मी आल्यापासून घराचा कारभार माझ्या तोंडावर चालला, आणि मालकांना त्याची कधी लाज वाटली नाही. चारचौघांत म्हणायचे, आमची मंडळी लई तिखट हाय. असं म्हणायचे, जसं काही कुणी त्यांना मानाचं पागोटं बांधलंय.

दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली एक गिऱ्हाईक पाकीट परत घेऊन आलं. नवंकोरं, मालकांच्या हातचं. टाके असे, की बघत राहावं. पण चारी बाजूंनी शिवलेलं. तोंडच नाही.

"आजी, ह्यात ठिवायचं काय आन् कसं?" गिऱ्हाईक हसत होतं.

"तुझं डोकं ठेव," मी म्हटलं, आणि त्याला दुसरं पाकीट देऊन घालवलं. मालक ते पाकीट हातात घेऊन उलटं करत होते, सुलटं करत होते. त्यांना चूक सापडत नव्हती. मला तेव्हाच कळलं. कुणाला बोलले नाही.

मग पाकिटांना दोन दोन झाकणं यायला लागली. मग सुई हातात धरून ते नुसते बसायला लागले. मग एक दिवस ते दुकानातून उठून गेले. सांजेला कळंब्याच्या जेलातला एक शिपाई त्यांना सायकलवर डबलसीट बसवून घेऊन आला. जेलच्या मोठ्या दारापुढं बसले होते म्हणे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, पागेचं दार उघडा, खोगीर द्यायचं हाय.

"तुमचं माणूस का ह्ये?" शिपाई म्हणाला. "घर विचारलं तर पागा म्हणतंय. नशीब, एकानं वळकलं."

"तळ्यावर हवा खायला गेल्ते ते," मी म्हटलं. "तुला कुणी विचारलंय का?"

त्याला चहा पाजला, ती गोष्ट वेगळी.

लालासाब माझा थोरला. एस.टी.च्या वर्कशॉपमधली नोकरी सोडून बापाच्या जागी बसला. त्याची बायको नजीरा सातवी पास. ती म्हणाली, "अम्मा, अब्बांच्या पाकिटात पत्त्याची चिठ्ठी ठेवूया." घरातलं बोलणं आमचं आमच्या बोलीत चालायचं, इथं मी मराठीत सांगते. चिठ्ठी ठेवली. मालक सकाळी उठून तोंड धुतलं की पहिलं काम दगडाशी बसून स्वतःचं पाकीट रिकामं करायचं. हात सगळं विसरले, एवढं विसरले नाहीत. चिठ्ठी काढली, म्हणाले, "कागूद हाय," आणि गटारीत टाकली. दुसरी ठेवली, तीही टाकली. लालासाबनं पत्र्याचा बिल्ला करून गळ्यात घातला, त्यांनी तो काढून शेजारच्या शेळीच्या गळ्यात बांधला. नजीरा म्हणाली, सदऱ्यावर नावपत्ता भरतकामानं काढू. मी म्हटलं, "बैलाला डाग देतात तसा? माझ्या जित्तेपणी नाही."

शेवटी शेजारच्या शालूबाईनं तोड काढली. शालूबाई म्हणजे चपलांच्या दुकानाची मालकीण, तोंडानं माझ्या खालोखाल. "फोटो ठिवा की," ती म्हणाली. "कागूद टाकत्यात, फोटो टाकायचे न्हाईत. आन् फोटूच्या मागं पत्ता लिवा."

"कुणाचा फोटो?"

"आता कुणाचा म्हंजी? माझा ठिवतीस का?"

मी जन्मात कधी फोटोला बसले नव्हते. निकाहाच्या वेळीही नाही. लालासाब मला टांग्यातून राजारामपुरीत एका स्टुडिओत घेऊन गेला. ठेवणीतलं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. फोटोवाला पोरगा काळ्या कापडातून डोकं काढून म्हणाला, "मावशी, जरा हसा."

"का? तुझ्या घरी पाहुणी आलीय का मी?"

फोटो तसाच आला, भांडल्यासारखा. लालासाबनं मागं दाट अक्षरात पत्ता लिहिला. मालकांच्या पाकिटात दुसरं काही ठेवायचं नाही असं मी ठरवलं. एक फोटो, बस्स. पाकीट उघडलं की तोच दिसला पाहिजे.

पहिले काही दिवस बरे गेले. सकाळी दगडावर फोटो काढायचे, बघायचे, मान हलवायचे आणि परत ठेवायचे. एकदा शालूबाईलाही दाखवला. "आमची मंडळी," म्हणाले. शालूबाईनं मला कोपरानं ढोसलं. मी कधी नव्हे ते त्या दिवशी त्यांना दोनदा चहा दिला.

मग एका सकाळी मी दुकान झाडत होते. त्यांनी फोटो दगडावर ठेवला, त्याला बोट लावलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

मला वाटलं, रीत म्हणून विचारतात. म्हटलं, "बघा की नीट."

त्यांनी फोटो बघितला. मग माझ्याकडं बघितलं. मग फोटो. आणि एकदम उठून उभे राहिले, कान लालभडक. सारा जन्म हा माणूस माझ्याशी आमच्या बोलीत बोलला. "पानी दे गे," एवढ्यावर घर चाललं आमचं. त्या सकाळी त्यांनी माझ्याशी दुकानातली मराठी काढली. गिऱ्हाइकाशी बोलायची.

"बाई, तुमचा दिसतोय. माझ्या पाकिटात कसा आला, आल्ला जाणे. माफी करा."

दोन्ही हातांत धरून त्यांनी फोटो मला दिला. मी झाडू तसाच धरून उभी.

"एक इनंती हाय," ते हळूच म्हणाले. मागच्या पडद्याकडं बघून आवाज आणखी बारीक केला. "आमच्या घरात सांगू नका. आमची मंडळी लई तिखट हाय. घर डोक्यावर घेईल."

"न्हाई सांगत," मी म्हटलं.

"लई उपकार झाले," ते म्हणाले, आणि खाली बसून पाकीट मिटलं.

मी मागं गेले, चुलीपाशी बसले. नजीरानं विचारलं, अम्मा, काय झालं? म्हटलं, धूर गेला डोळ्यात. चूल पेटलेली नव्हती. ती पोरगी शहाणी, तिनं काड्या आणल्या आणि चूल पेटवली.

त्यांचा डोळा लागला की मी फोटो परत पाकिटात ठेवायची. सकाळी ते तो मला परत द्यायचे. रोज तसेच उठून उभे राहायचे, रोज तेच, घरात सांगू नका. लालासाब म्हणाला, "अम्मा, दुसरं काहीतरी ठेवू या का?" म्हटलं, "ठेव. काय ठेवतोस सांग." चिठ्ठी गटारीत, बिल्ला शेळीला. फोटो निदान सकाळपर्यंत तरी त्यांच्यापाशी राहत होता, आणि कधी कधी ते दगडाशी बसायचं विसरायचे, तेव्हा दिवसभर. तेवढाच भरवसा.

शालूबाई म्हणाली, "रागं भर की जरा! तुझा आवाज ऐकून तरी वळकतील."

भरला राग. त्यांच्यापुढं उभी राहून जन्मभर घातल्या तेवढ्या शिव्या एका दमात घातल्या. ते खाली मान घालून ऐकत राहिले, आणि शेवटी लालासाबला म्हणाले, "ह्या बाईंना पाणी द्या. लई लांबनं आल्यात वाटतं."

ते हरवले त्या दिवशी शुक्रवार होता, आणि सकाळी ते दगडाशी बसायचं विसरले होते. लालासाब त्यांना नमाजाला घेऊन गेला होता. बाहेर पडताना चपलांच्या ढिगात हा बापाच्या चपला शोधत वाकला. वर बघतो तर म्हातारा नाही.

आम्ही कुठं शोधलं नाही? पंचगंगेचा घाट, कळंब्याचं तळं, जेलचं दार, एस.टी. स्टँड, दवाखाने. जिथं जुनी पागा होती तिथंही. शालूबाईनं दुकान बंद करून आपले दोघे लेक शोधायला धाडले. मी स्वतः स्टँडवर गेले. तिथं गर्दीत उभी राहिले आणि मला कळेना, हाक काय मारू. नाव कधी घेतलेलं नाही. "अहो" म्हटलं तर पन्नास माणसं वळली. शेवटी घेतलं नाव. भर स्टँडात, मोठ्यानं, दोनदा. कुणीच वळलं नाही.

चौकीतल्या हवालदारानं विचारलं, ओळखीची खूण काय? लालासाब म्हणाला, पाकिटात आईचा फोटो आहे, मागं पत्ता आहे. हवालदार म्हणाला, मग काळजी नको, कुणीतरी बघंल आणि पोचवंल. आम्हीही तेच धरून बसलो. दारात सायकल वाजली की नजीरा धावायची.

बरेच दिवस गेल्यावर एक माणूस बोळात पाटी वाचत वाचत आला. निपाणीकडचा, तंबाखूच्या वखारीत कामाला, नाव आकाराम. अंबाबाईच्या दर्शनाला आला होता. माझ्याकडं बघितलं आणि हसला.

"घावलं म्हणायचं घर! तुमीच की ओ ह्या!" आणि खिशातून माझा फोटो काढला.

लालासाब गल्ल्यावरून उडी मारून आला. मी त्याला हातानं अडवलं. म्हटलं, "बसा पावणं. कुठं मिळाला?"

"निपाणीच्या स्टँडवर. एक म्हातारबाबा बसल्ते. दाढी पांढरी, कपडं साधंच, पर झ्याक माणूस. मला म्हणाले, पावणं, वाचाय येतंय का? म्हटलं, येतंय की. तर ह्यो फोटो दिला. म्हणाले, मागं काय लिवलंय बघा. मी वाचलं. कोल्हापूर, महाद्वार रोड. तर बाबा काय खूश झाले! म्हणाले, बरं झालं, ठिकाण हाय म्हणायचं बाईचं. परक्या बाईची चीज माझ्याकडं आलीया, लई दिवस जिवाला घोर हुता. तुमी कवा कोल्लापूरला गेला तर एवढं पोचवा. बाईमाणसाचा फोटो, वाऱ्यावर नको."

"आणि?"

"आन् काय, मी म्हटलं, पोचवतो. येणार हुतोच मी, पर वखारीत कामाची घाई, म्हणून उशीर झाला."

"त्यांच्या पाकिटात आणखी काय होतं?"

"काय बी न्हवतं. मला उघडून दाखवलं की त्यांनी. म्हणाले, बघा, आता कसं हलकं झालं."

नजीरा पडद्याआड रडायला लागली. आकाराम गोंधळून इकडंतिकडं बघायला लागला. त्याला वाटलं होतं, चहा होईल, कौतुक होईल.

"तुम्ही विचारलं नाही, बाबा तुम्ही कुठं निघालाय?" लालासाबनं विचारलं.

"इचारलं तर! म्हणाले, घरी. मंडळी वाट बघत आसंल, उशीर झाला तर बोलती. आन् गाडी लागली तशी तुरुतुरु चढले."

"कुठली गाडी?"

"बेळगाव का संकेश्वर... न्हाई बा ध्यानात." मग त्यानं मला हळूच विचारलं, "आजी, त्ये बाबा तुमच्या वळकीचे हुते काय?"

"आमचे मालक," मी म्हटलं.

तो माणूस बसल्या जागी खचला. कपाळावर हात मारून घेतला. मी त्याला बोलणार होते. तोंडात आलं होतं सगळं, म्हाताऱ्याचा हात धरून ठेवला असतास तर तुझं काय जात होतं. पण मालकांनी सांगितलं होतं तेच त्यानं केलं होतं. परक्याची चीज घरी पोचवली. आमच्या दुकानात तेच शिकवलं जायचं. नजीराला म्हटलं, चहा टाक.

लालासाब निपाणीला गेला, संकेश्वरला गेला, बेळगावला महिनाभर राहिला. तिकडं कानडीत विचारायचं, तर याला दोन शब्द येतात. दर्गे बघितले, धर्मशाळा बघितल्या. एकानं सांगितलं, असा एक म्हातारा होता, दारात बसलेल्यांच्या पिशव्या शिवून द्यायचा. तो गेला तर तो म्हातारा दुसराच निघाला, एका डोळ्याचा. परत आला तेव्हा लालासाबच्याही दाढीत पांढरे दिसायला लागले होते.

त्याला आता बरीच सालं झाली. चामड्याची पाकिटं कोण घेतो? लालासाब रेक्झिनची विकतो, आत प्लॅस्टिकचे कप्पे, फोटोसाठी वेगळी खिडकी. गिऱ्हाइकं त्यात काय भरतात ते कुणी विचारत नाही. काळा दगड दाराला टेकण म्हणून लावलाय.

गेल्या वर्षी लालासाबला राजारामपुरीत दुकानाची जागा मिळत होती, वर राहायला दोन खोल्या. नळ घरात. नजीरा किती दिवस पाठीमागं लागली असेल, पण त्याला माझ्यापुढं विषय काढायचं धाडस होईना. शेवटी शालूबाईला मध्ये घातलं. ती येऊन बसली, इकडचं तिकडचं बोलली.

"काय हाय ते सांग," मी म्हटलं. "तुझं तोंड आडवळणाचं नाही."

"पोरगं घर बदलायचं म्हणतंय. पर तुला इचाराय भितंय. म्हणतंय, अम्मा म्हणंल अब्बा परत आले तर हितंच येतील, पत्ता हितलाच हाय."

लालासाब दाराआड उभा होता. मला त्याचे पाय दिसत होते.

मी ट्रंक उघडली. फोटो काढला. तीच भांडल्यासारखी बाई, हिरव्या लुगड्यातली. उलटा करून शालूबाईपुढं धरला. लालासाबचं दाट अक्षर अजून तसंच आहे.

"हा बघ पत्ता," मी म्हटलं. "त्यांच्यापाशी आहे कुठं? माझ्यापाशीच आहे."

शालूबाईनं फोटो घेतला, पदरानं पुसला आणि परत ट्रंकेत ठेवला.

"लालू," मी हाक मारली, "दाराआडून काय ऐकतोस? हातगाडी बघ. आणि तो दगड उचलायला दोन माणसं लागतील, आत्ताच सांगून ठेव."